कुंडातला झेल

एन-गेफेनच्या उतारावर खडकात कोरलेलं मोठं कुंड आहे. द्राक्षं तुडवायच्या दिवसांत त्याच्या काठावर उभं राहून गाण्याचा मान अटाराच्या घराकडे होता. हा मान कुणी तिला ताटात वाढून दिला नव्हता. तिच्या आईनं तो घेतला आणि अटारानं तो सोडला नाही. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी भाद्रपदातली उन्हं कलायला लागली की ती कमरेला डफ बांधून काठावर हजर असायची. गावात कुणाची टाप नव्हती तिला बाजूला हो म्हणायची.

कुंडावरचं गाणं दोन बाजूंचं. काठावर बायका डफ घेऊन उभ्या. आत मुलगे, सुना, जावई, ज्याच्या पायात बळ असेल तो, वरच्या आडव्या वाशाला बांधलेले दोर धरून तुडवणार. काठावरून एक ओळ पडते, ती टाक. आतून तिचं उत्तर येतं, तो झेल. झेलाची रीत कडक आहे. जे टाकलं तेच परत द्यायचं, पण त्याच शब्दांत नाही, आणि जरा जड करून. आपलं काही जोडून. जो तेच शब्द परत म्हणेल त्याच्या तोंडावर ओंजळभर रस मारायचा. जो गप्प बसेल त्यानं पाय धुऊन बाहेर यायचं आणि रांजण उचलायला जायचं. झेल दर वर्षी नवा. गेल्या वर्षीचा झेल या वर्षी म्हणणं म्हणजे गेल्या वर्षीची भाकर पाहुण्यापुढं ठेवणं.

आधी या गाण्यात परमेश्वराचं नाव नव्हतं. कुणाची शेळी कुणाच्या मळ्यात शिरली, कोण कुणाच्या विहिरीवर उगाच रेंगाळतो, असलंच सगळं. मग अटाराच्या आईच्या तरुणपणी अदोमी टोळ्या आल्या आणि सगळा उतार जाळून गेल्या. एक वेल उभी राहिली नाही. नव्यानं लावल्या. पहिली तीन वर्षं नव्या वेलीच्या फळाला हात लावायचा नाही, ही आमची रीत. चौथ्या वर्षाचं फळ परमेश्वराच्या स्तुतीचं. तर चौथं वर्ष आलं, कुंड भरलं, आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. स्तुती करायची म्हणजे काय करायचं? याजक कुणी आला नव्हता. देवाच्या घरातली गाणी कुणाला येत नव्हती. अटाराची आई डफ घेऊन काठावर चढली आणि येत होतं तेच गाणं धरून तिनं टाक टाकली, "जळलं त्यातून हिरवं कुणी काढलं?"

आत अटाराचा बाप होता. दिवसाकाठी चार शब्द बोलणारा माणूस. तो म्हणाला, "राखेच्या पोटी पान कुणी ठेवलं?"

त्या दिवशी गाव पहिल्यांदा कुंडात उभं राहून रडलं. तेव्हापासून गाणं परमेश्वराचं झालं. शेळ्या आणि विहिरी अधूनमधून यायच्याच, पण त्या दुपारनंतर, पाय थकले की, हसवायला.

अशा कुंडावर एका वर्षी यरुशलेमाहून अझारेल नावाचा लेवी आला. देवाच्या घरातला गवई. पांढरं तागाचं वस्त्र, खांद्याला वीणा, आणि पाय असे की जन्मात कधी ढेकूळ लागलं नसावं. अटाराची धाकटी सून हॉग्ला कुंडातूनच म्हणाली, "आत्याबाई, हे पाय मातीत टाकले तर मातीलाच लाज वाटेल."

"गप गं." अटारानं पाहुण्याला सावलीत बसवलं, अंजिरं पुढं ठेवली, पाणी दिलं, आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय काम काढलंस, दादा?"

"आई, गाणं हवं."

"का? तुमच्या घरात गाण्यांचा दुष्काळ पडला का?"

"गाणी पुष्कळ आहेत." अझारेल ओशाळला. "पण लोक ऐकत नाहीत. सणाला अंगण भरतं, आम्ही गातो, आणि लोक आपापल्या बोकडाच्या शिंगाला धरून गप्पा मारतात."

"मग जोरात गा."

"जोरात गायलो. तेही जोरात बोलायला लागले."

हॉग्ला हसली. अटाराला मात्र हा माणूस आवडला. खरं सांगायला माणूस यरुशलेमाहून एवढ्या लांब चालत आला, हे काही थोडं नाही.

"तुमच्या कुंडाचं ऐकलंय मी," अझारेल म्हणाला. "हेब्रोनच्या वाटेवर एक बाई गुणगुणत होती. म्होरके गवई उझ्झी आहेत आमचे, त्यांना मी म्हणालो, मांडवांच्या सणाला डोंगरातली चाल आणू. ते म्हणाले, एकदा आण. लोकांनी कान दिला तर ठीक. नाही दिला तर डोंगरातलं पुन्हा काही अंगणात आणायचं नाही."

अटारानं लगेच हो म्हटलं नाही. गाणं काही रांजणात भरून नेता येत नाही, आणि नेलंच तर ते कुणाच्या घरचं हे कोण सांगणार? तिच्या आईची शपथ होती असं नाही, पण आईनं जे उभं केलं ते बेवारशासारखं दुसऱ्याच्या अंगणात पडावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

"दोन गोष्टी," ती म्हणाली. "टाक आणि झेल, दोन्ही झाले पाहिजेत. एका तोंडानं गायलात तर ते अर्धं गाणं. तुमच्यात बायका रांगेत नसतात, तर पुरुषांच्याच दोन रांगा करा, मला काय. आणि दुसरं. गाण्याआधी मोठ्यानं सांगायचं, एन-गेफेनच्या कुंडाची चाल. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं."

"चाल कुठली ते आम्ही सांगतोच, आई."

"सांगताच, तर एन-गेफेन सांगा."

"सांगू."

"परमेश्वरासमोर?"

"परमेश्वरासमोर."

मग अटारा काठावर चढली. गाव दुप्पट जोरात गायलं त्या दिवशी, पाहुणा बसलाय म्हणून. अझारेल काठावर मांडी घालून बसला. त्यानं पिशवीतून खापऱ्या काढल्या, शाई काढली, आणि एकेक ओळ खापरीवर उतरवायला लागला. अटाराला ते बघून कसंसंच झालं. तिला लिहिता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्यांवर तिचा फारसा विश्वासही नव्हता. पण म्हटलं, लिहू दे, विसरायला नको.

दुपार उलटली, पाय जड झाले, तेव्हा तिनं टाक टाकली, "मुक्याला वाचा कोण देतो?"

हॉग्लानं दोराला झोका देत झेल दिला, "गेराच्या गाढवाला गप्प कोण करतो?"

कुंड खदखदलं. गेरा म्हणजे अटाराचा धाकटा दीर, आणि त्याचं गाढव पहाटेपासून ओरडायला लागलं की तीन उतारांवर ऐकू जायचं. गेरा काठावरून ओरडला, "सूनबाई, माझ्या जनावराला परमेश्वराच्या गाण्यात घेतेस?" आणि हॉग्ला म्हणाली, "मामंजी, त्याला गप्प करणं दुसऱ्या कुणाच्या हातात आहे का?" सगळे हसत होते. अझारेल मात्र मान खाली घालून लिहीत होता.

त्याला एकदा कुंडातही उतरवलं. दोर धरून चार पावलं तुडवली आणि टाक येताच बिचाऱ्यानं तीच ओळ गोड गळ्यानं परत म्हटली. ओंजळभर रस तोंडावर बसला, पांढरं तागाचं वस्त्र जांभळं झालं. तो डोळे पुसत म्हणाला, "रीत असेल." रीतच होती. पण का आहे ते त्यानं विचारलं नाही, आणि अटारानंही सांगितलं नाही. आमच्या डोंगरात हे कुणाला सांगावं लागत नाही.

महिन्याभरानं मांडवांचा सण आला. अटारा, हॉग्ला आणि गेरा यरुशलेमाला निघाले. गाढवावर मनुकांच्या ढेपी, तेलाचं मडकं आणि अटाराचा डफ. निघताना गावानं बजावलं होतं, आपलं नाव कसं घेतलं ते नीट ऐकून या. अटारा वाटभर कुणाशी फारसं बोलली नाही. मनातल्या मनात ती तो पुकारा ऐकत होती. तिची आई कधी यरुशलेमाला गेली नव्हती. आता तिचं कुंड जाणार होतं.

यरुशलेमाबाहेरच्या टेकडीवर त्यांनी जैतुनाच्या आणि खजुराच्या फांद्यांचा मांडव घातला. दुपारी अझारेल शोधत आला. अंगावर नवं वस्त्र, चेहऱ्यावर तेज.

"आई, शब्दाला शब्द!" तो म्हणाला. "एक अक्षर इकडचं तिकडं नाही. वीस जण टाकेला, वीस जण झेलाला. महिनाभर पाठ करून घेतलंय."

अटाराच्या हातातली भाकर तशीच राहिली. "टाक पाठ केलीस ते समजलं. झेल कशाला पाठ केलास?"

"म्हणजे? तुम्ही जे जे म्हणालात ते सगळं. ऐका ना." आणि अझारेल डोळे मिटून, मान किंचित वर करून म्हणायला लागला. टाक, झेल, टाक, झेल. गेल्या महिन्याचं कुंड जसंच्या तसं. नवव्या जोडीला त्याचा आवाज आणखी गंभीर झाला. "मुक्याला वाचा कोण देतो? गेराच्या गाढवाला गप्प कोण करतो?"

हॉग्ला मांडवाच्या फांद्यांत तोंड खुपसून हसायला लागली. हसता हसता एक फांदी तिच्या हातात आली.

"हसू नका ताई," अझारेल दुखावून म्हणाला. "या ओळीवर आमच्यात चार दिवस वाद झाला. उझ्झी म्हणतात, गेराचं गाढव म्हणजे अश्शूरचा राजा. दोन याजकांचं मत, नाही, ते मिसर देश."

"आणि तुझं मत?"

"मी म्हणालो, ओळ खोल आहे."

"गेरा कोण, ते कुणी विचारलं नाही?"

"जुन्या काळचा कुणी न्यायाधीश असेल, असं ठरलं."

"गेरा माझा दीर आहे," अटारा म्हणाली. "हा बसलाय तुझ्यासमोर, कांदा खातोय तो. आणि अश्शूरचा राजा बाहेर खुंट्याला बांधलाय. जाऊन बघून ये."

अझारेल खरंच बाहेर गेला. राजानं त्याला बघून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या मांडवातली लेकरं रडायला लागली. अझारेल परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं तेज गेलं होतं. गेरा मात्र फुलून आला होता.

"राहू दे की, वहिनी," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या घरात माझं नाव येतंय. न्यायाधीश म्हणून येतंय."

"भावजी, कांदा खा." अटारा अझारेलकडं वळली. "झेल बदल. पाठ केलेला झेल म्हणजे झेलच नव्हे. ज्याला जे सुचेल ते त्यानं तिथंच द्यायचं असतं. म्हणून तर रस मारतो आपण तोंडावर."

"आता कसा बदलू?" अझारेल खालीच बसला. "वीस जणांच्या जिभेवर बसलंय ते. उझ्झींनी याजकांना अश्शूर समजावून सांगितलाय. देवाच्या घरात आयत्या वेळी शब्द बदलत नाहीत, आई. आणि आमच्या लोकांना स्वतःचं काही बोलायची सवयच नाही. उभ्या जन्मात पाठ केलेलंच गायलोय आम्ही."

"मग लोक ऐकणार नाहीत."

"नाही ऐकलं तर डोंगरातलं गाणं कायमचं बंद."

"आणि ती ओळ आल्यावर कुणी गेराला ओळखणारा अंगणात असला तर?" हॉग्ला म्हणाली. आता ती हसत नव्हती. "बेथ-सूरचे अर्धे लोक ओळखतात मामंजींना. गाढवालाही."

"मग हसतील," अझारेल म्हणाला. "मी शेळ्या राखायला जाईन. आणि एन-गेफेनचं नाव पुकारून झालेलं असेल."

हे शेवटचं अटाराच्या काळजात घुसलं. तिनंच मागून घेतलेला पुकारा होता तो. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. यहूदाच्या कानाकोपऱ्यातून लोक आले होते. तकोवाचे धनगर, हेब्रोनचे कुंभार, बेथ-सूरचे तेली. बोकड, कबुतरं, फांद्या, लेकरं, धूर. पायऱ्यांवर लेवी दोन रांगांनी उभे होते, चाळीस पांढरी वस्त्रं. शिंग फुंकलं गेलं, झांजा वाजल्या, आणि पुढं येऊन उझ्झीनं, चांगला उंच, तेल लावलेल्या दाढीचा माणूस, खणखणीत आवाजात पुकारलं, "एन-गेफेनच्या कुंडाची चाल!"

अटाराच्या अंगावर काटा आला. हॉग्लानं तिचा हात दाबला. मागं कुणीतरी विचारलं, "कुठं आलं हे?" अटारानं वळून त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

गाणं सुरू झालं. पहिल्या रांगेनं टाक टाकली. चाल तीच होती, पावलाचा ठेकाही तोच. अझारेलनं काम चोख केलं होतं. दुसऱ्या रांगेनं झेल दिला. गोड, सरळ, एका सुरात. त्यात कुणाला काही सुचल्याचं नव्हतं. धापा नव्हत्या. दुसरी जोडी झाली. तिसरी. पाचव्या जोडीला अटाराच्या डावीकडचे दोन तेली जैतुनाच्या भावावर बोलायला लागले. सहाव्याला एक बोकड ओरडला आणि त्याच्याकडं लोकांनी गाण्यापेक्षा जास्त लक्ष दिलं. पायऱ्यांवर उझ्झीची मान हळूहळू ताठ होत चालली होती. अझारेल पहिल्या रांगेत होता. त्याची नजर लोकांवरून फिरत अटारावर येऊन थांबली आणि खाली गेली.

सातवी. आठवी.

देवाच्या घरात गावंढळ म्हातारीनं तोंड उघडायचं की नाही, याचा विचार अटारानं केला नाही असं नाही. केला. चारशे वेळा केला. पण तिच्यासमोर टाक पडत होत्या आणि कुणी झेलत नव्हतं. आयुष्यात तिनं टाक जमिनीवर पडू दिली नव्हती. तिनं डफ कमरेवरून पुढं घेतला.

"मुक्याला वाचा कोण देतो?" पहिली रांग गायली.

दुसऱ्या रांगेनं श्वास घेतला, आणि तेवढ्यात अंगणातून डफावर थाप पडली. अटाराचा जाड, द्राक्षांच्या उतारावर कमावलेला आवाज वर गेला.

"गळ्यात अडकलेल्या हुंदक्याचं गाणं कोण करतो?"

दुसऱ्या रांगेतल्या तिघा-चौघांनी "गेराच्या" एवढं म्हटलं आणि ते थांबले. झांजवाल्याचे हात हवेत राहिले. तेली गप्प झाले. सगळं अंगण वळून बघायला लागलं. उझ्झीचा चेहरा लाल झाला. त्यानं हात वर केला, थांबा म्हणायला.

पण अझारेल थांबला नाही. आता ठरवायचं होतं ते त्यानंच. खापऱ्यांवर पुढं काय होतं ते सोडून त्यानं लोकांकडं तोंड केलं आणि एकट्यानं टाक टाकली. "अंधारात वाट कोण दाखवतो?"

हॉग्ला तोंड उघडणार तोच पलीकडून, तकोवाच्या घोळक्यातून, एका सुरकुतल्या बाईचा बारीक आवाज आला, "चुकलेल्या कोकराच्या मानेवर हात कोण ठेवतो?"

अटारा चकित झाली. तिनं त्या बाईला कधी बघितलं नव्हतं. पण झेल बरोबर होता. जड होता. धनगराचा होता.

"उपाशी घरात चूल कोण पेटवतो?" आता पहिल्या रांगेतले आणखी काही जण अझारेलबरोबर आले.

"रिकाम्या टोपलीत हात घालायचा धीर कोण देतो?" हा पुरुषाचा आवाज होता, मागच्या भिंतीजवळून, आणि म्हणताना तो फुटला.

"फुटलेलं कोण सांधतो?"

"चाकावर बसलेला गोळा पुन्हा उभा कोण करतो?" हेब्रोनची कुंभारीण. तिच्या नवऱ्यानं टाळी वाजवली.

कुठलं गाव आहे आमच्या डोंगरात जिथं कुंड नाही? घाणा, विहीर, खळं, काहीतरी असतंच, आणि तिथं कुणीतरी टाकतं नि कुणीतरी झेलतं. त्यांना फक्त माहीत नव्हतं की हे इथंही चालतं. एका तेल्यानं घाईत टाकेचेच शब्द परत म्हटले, तर शेजारच्यानं मडक्यातलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. अंगण हसलं आणि हसण्यातूनच पुढची ओळ उठली. दुसऱ्या रांगेतला एक तरुण लेवी, महिनाभर पाठ केलेलं सगळं विसरून, काहीतरी आपलं म्हणाला. आपलंच, आपल्या आईबद्दल. मग घाबरून त्यानं तोंडावर हात ठेवला. कुणी त्याला रागावलं नाही. उझ्झीचा हात केव्हाच खाली आला होता. बोकडांना धरायला कुणी राहिलं नव्हतं.

गाणं संपलं ते लोकांचे आवाज बसले म्हणून.

उझ्झी पायऱ्या उतरून आला. लोकांनी वाट दिली. त्याच्या मागं अझारेल होता आणि गुंडाळी घेतलेला एक लेखनिक. उझ्झी अटारासमोर थांबला.

"देवाच्या घरात पाठ न केलेलं बोललीस, बाई."

"पाठ केलेलं ऐकत कोण होतं, दादा?"

उझ्झीनं दाढी कुरवाळली. हसू दाबताना माणूस करतो तसं. "मला ती ओळ अश्शूरवरची वाटत होती," तो हळूच म्हणाला.

"गाढवच होतं ते."

"अझारेलनं सांगितलं. आत्ता. पायरीवर." त्यानं लेखनिकाला पुढं बोलावलं. "ते राहू दे. याजक म्हणतात, हे दर सणाला व्हावं. टाक आमच्या रांगेची, ठरलेली. झेल लोकांचा. असं कधी झालं नव्हतं इथं. गुंडाळीत लिहून ठेवायचंय. पण नावाची अडचण आहे."

"कसली अडचण? शब्द दिलाय यानं मला. परमेश्वरासमोर."

"दिलाय, म्हणून विचारायला आलो. हुकूम द्यायला आलो नाही."

अडचण मागंच उभी होती. तकोवाची ती सुरकुतली बाई, कंबर कसून. "आम्ही हीच चाल मेंढ्या धुताना म्हणतो," ती म्हणाली. "माझी आजी म्हणायची. आता दर सणाला आम्ही झेल द्यायचा नि नाव कुणा एन-गेफेनचं घ्यायचं? कुठं आहे हे गाव, आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं."

हेब्रोनची कुंभारीण म्हणाली, "आमच्याकडं तर चाकावर म्हणतात."

"बघ," उझ्झी म्हणाला. "एन-गेफेन लिहिलं, तर झेल तुझ्या गावानं द्यायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. तो तुझा हक्क, मी नाकारत नाही. सगळ्यांनी द्यायचा असेल तर गावाचं नाव घालता येणार नाही, नाहीतर दर वर्षी अंगणात मारामारी. दोन्हीतलं एक सांग. लेखनिक थांबलाय."

लेखनिकानं बोरू शाईत बुडवला.

एन-गेफेनचं नाव अटारानं सकाळी एकदा ऐकलं होतं, आणि ते अजून कानात गरम होतं. गाव वाट बघत होतं. दर सणाला, ती मेल्यावरही, या पायऱ्यांवरून ते नाव पुकारलं जाऊ शकत होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. आणि मग बाकीचं अंगण पुन्हा बोकडाच्या शिंगाला धरून उभं राहिलं असतं. एन-गेफेनच्या पाच-सात बायका झेल देत, आणि हे लोक, मागच्या भिंतीजवळचा तो आवाज फुटलेला माणूस, गप्प.

"लिही," ती म्हणाली. "कुंडाची चाल."

"कुठल्या कुंडाची?" लेखनिकानं विचारलं.

"विचारेल त्याला सांग, तुझ्या गावात असेल ना एखादं, त्याची."

अझारेलनं मान खाली घातली. उझ्झी थोडा झुकला, याजकासमोर झुकतात तसा, आणि निघून गेला.

हॉग्लाचे डोळे भरून आले होते, रागानं. "आत्याबाई, देऊन टाकलंत! सगळं गाव काय म्हणेल? भांडला असतात तर मिळालं असतं. तुम्ही कधी भांडायच्या थांबलात?"

"दिलं नाही मी काही," अटारा म्हणाली. "माझ्या आईनं ते एका कुंडाचं केलं. मी सगळ्या यहूदाचं केलं. ते एवढं मोठं झालं की आपल्या गावाच्या नावात मावेना. हे गावाला सांग, मान वर करून सांग. कुणी तोंड वाकडं केलं तर माझ्याकडं पाठव."

"आणि तुमच्या आईला काय वाटलं असतं?"

"ती नावासाठी काठावर चढलीच नव्हती." अटारानं डफ कमरेला नीट बांधला. "मी चढले होते. खोटं कशाला बोलू? एकदा ऐकलं, भरून पावले."

तकोवाची बाई अजून तिथंच उभी होती. लेखनिक गेला तरी तिचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. "पण सगळ्यात जड झेल माझाच होता हां," ती म्हणाली. "कोकराचा."

अटारानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बरा होता," ती म्हणाली. "पण शेवटाला आवाज पाडलास. ये इकडं, बस. कसा टाकायचा ते सांगते."

"तू सांगणार? मला?"

"मग दुसरं कोण सांगणार?"

आणि दोघी अंगणाच्या कडेला दगडावर बसल्या, भांडायला.